कासवांची मोजणी

फार मागे, तळी आटू लागली तेव्हा कासवांनी सगळ्या लहान जिवांना पाठीवरून नदीपर्यंत नेण्याची योजना आखायला घेतली.

"कासवदादा, तळ्यात नुसता चिखल उरलाय. माझी पिल्लं तेवढी द्रोणात घालून न्या," बेडकीण म्हणाली.

"आधी प्रवाशांची मोजणी, बाई! मार्ग शंभर वर्षं टिकायला हवा."

"शंभर वर्षं तुम्ही जगता हो. आम्ही नाही!"

कासवं हसली. मोजणीसाठी ती भर उन्हाळ्यात तळ्यावर पोचली, तेव्हा तळ्याला भेगा पडल्या होत्या आणि भेगांत बारीक हाडं वाळत पडली होती.

"नदीवर कुणाकुणाला जायचंय?" थोरल्या कासवाने विचारलं. कुणीच बोललं नाही.

"मागणीच नाही," म्हणत त्याने योजना गुंडाळली.

तेवढ्यात भेगांतून बारीक आवाज आले, "आम्हाला जायचंय."

घाबरून कासवांनी माना कवचात ओढल्या. आवाज आता कवचाच्या आतून येत होते.