तहान लागली की माग

सह्याद्रीतल्या एका घाटाखाली एक वृद्ध गुरुजी राहत असत. तरुणपणी त्यांनी सारे डोंगर पळून पालथे घातले होते. आता गुडघे थकल्यामुळे ते ओसरीवर बसून इतरांना पळायला शिकवीत. एकदा एक तरुणी त्यांच्याकडे आली. तिचे नाव सुमेधा. हिमालयातल्या उंच खिंडी ओलांडत जाणाऱ्या एका खडतर शर्यतीत ती आदल्या वर्षी उतरली होती आणि सर्वांत उंच खिंडीच्या अलीकडे बेशुद्ध पडली होती. जिवावरचे निभावले, पण शर्यत मनातून जाईना.

"गुरुजी, माझं कुठं चुकतं ते सांगा. म्हणाल तेवढी मेहनत करीन."

गुरुजींनी तिला घाट चढायला लावला, उतरायला लावला. श्वास पाहिला, पावले पाहिली. दोष सापडेना. मग त्यांनी विचारले, "पडण्याआधी तपासणीच्या तंबूत डॉक्टर भेटले असतील ना?"

"भेटले. कसं वाटतंय म्हणून विचारलं. डोकं फुटत होतं, पण मी म्हटलं, एकदम छान."

गुरुजींनी तिच्या पाठीवरची पाण्याची पिशवी उतरवून घेतली आणि खुंटीला अडकवली. "उद्यापासून हिच्याशिवाय पळायचं. वाटेत वाड्या आहेत. तहान लागली की माग."

सुमेधाला वाटले, गुरुजी शरीर कणखर करायला सांगताहेत. ती तहान मारून पळू लागली. कोरड्या ओठांनी परतायची आणि अभिमानाने सांगायची, "आज कुणाच्या दारात थांबले नाही." गुरुजी पाण्याचा तांब्या पुढे करीत आणि म्हणत, "मग आजचा सराव झालाच नाही."

एके दिवशी ऊन असे तापले की वरच्या वाडीत पोहोचताच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती एका घराच्या पायरीवर टेकली. आतून एक म्हातारी बाहेर आली.

"काय गं बाय, काय झालं?"

"काही नाही. बुटाची नाडी बांधतेय."

म्हातारीने नाडीकडे पाहिले. ती बांधलेलीच होती. म्हातारी नुसती शेजारी बसून राहिली. बराच वेळ गेला. अखेर सुमेधाच्या तोंडून कसेबसे शब्द फुटले, "आजी, थोडं पाणी द्याल?"

"एवढंच होय!" म्हणत म्हातारी उठली. पाण्याबरोबर तिने गुळाचा खडाही आणला. पहिला घोट घेताच सुमेधाला रडू कोसळले. का, ते तिलाही कळेना.

खाली येताच ती गुरुजींवर उसळली. "तुम्हाला काय माहीत मागणं म्हणजे काय असतं! आईवडील गेले तेव्हा मी एवढीशी होते. मामाच्या घरी वाढले. दुसरी पोळी मागितली की मामी हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायची. तेव्हाच ठरवलं, आपल्याला काही लागत नाही."

गुरुजींनी तिला जवळ बसवले. "पोरी, त्या उंचीवर हवा विरळ होते. तिथं पाय शाबूत असतात आणि माणूस आतून ढासळत असतो. बाहेरच्याला ते दिसत नाही. अशा वेळी 'मला होत नाहीये' एवढंच बोललीस तर वाचशील. पण जे शब्द घशातून कधी बाहेर पडले नाहीत, ते नेमके तिथं कसे येतील? म्हणून त्यांचा सराव इथं करायचा, पाण्याच्या घोटावर. त्या घरात गप्प राहूनच तुला जगता आलं. त्यात तुझी चूक नव्हती. पण ते घर आता मागं राहिलं."

दुसऱ्या दिवसापासून सुमेधा वाड्यावाड्यांवर थांबू लागली.

त्या वर्षीच्या शर्यतीत त्याच खिंडीखाली तिचे डोके पुन्हा ठणकू लागले, पावले वाकडी पडू लागली. खिंड समोर दिसत होती. तंबूतल्या डॉक्टरांनी विचारले, "कसं वाटतंय?" 'छान' हा शब्द ओठांपर्यंत आला. तिने तो गिळला आणि ती म्हणाली, "बरं नाही वाटत. मला धरा." डॉक्टरांनी तिला आधार देऊन बसवले, प्राणवायू दिला आणि दोन माणसांसोबत तातडीने खाली धाडले. शर्यत तिथेच संपली.

घरी परतल्यावर तिने गुरुजींना सगळे सांगितले: वेदना, भीती, खिंडीकडे पाठ फिरवताना आलेले रडू.

"पुढल्या वर्षी पुन्हा जाणार?" गुरुजींनी विचारले.

"जाणार. पण गुरुजी..." ती अडखळली, मग त्यांच्याकडे पाहत म्हणाली, "तुम्ही पायथ्यापर्यंत याल का? खाली आपलं कुणीतरी असावं, असं वाटतं."

कित्येक वर्षांत गाव न सोडलेले गुरुजी आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवीत राहिले. मग हळूच म्हणाले, "तिथं थंडी फार असते का गं?"