मेजरसाहेबांनी चमचा ठेवला की...

ही गोष्ट बाहेर सांगू नकोस, असं ऋजुताताईनं बजावलं होतं, तरी सांगते.

लष्करी अधिकारी घडवणाऱ्या तिच्या अकादमीत एक रिवाज होता. मेसमध्ये टेबलावरच्या वरिष्ठांनी चमचा खाली ठेवला, की सगळ्यांनी जेवण थांबवायचं. मेजर दळवी चार घासांतच चमचा ठेवत, आणि सकाळपासून धावलेले कॅडेट अर्धपोटी उठत.

एका दुपारी मेजरांनी चमचा उचलताच ऋजुतानं विचारलं, "सर, ही अकादमी सुरू कशी झाली?" तिला ते खरंच जाणून घ्यायचंही होतं.

मेजरांची कळी खुलली. तंबूत भरणारे वर्ग, खेचरांचे तबेले, पहिल्या तुकडीची फजिती... बोलता बोलता चमचा हवेतच राहिला. तोवर बाकीची ताटं चाटूनपुसून स्वच्छ झाली होती.

मेजरांच्या ते ध्यानात आलं. "कॅडेट, ही युक्ती कुणी शिकवली?"

"तुम्हीच, सर. शत्रूला एकीकडे गुंतवून ठेवायचं आणि दुसरीकडून रसद आत घ्यायची, असं सकाळच्याच तासाला सांगितलंत."

"म्हणजे मी शत्रू?"

"फक्त जेवणापुरते, सर."

मेजरांनी हसू दाबलं आणि वाढप्याला हाक मारली, "अरे, या सगळ्यांना आणखी—"

थांब हं, आई हाक मारतेय, उरलेलं नंतर सांगते. आले गं आई, आले!