सोनवटचा पहिला हुकूम

"एकटा प्रांत जगेल का, एवढंच सांगा, बुवा. हो की नाही."

रुद्राजी कारभारी मठाच्या अंगणात उभा होता. पायांत जोडे तसेच. घोडा दाराबाहेर फुरफुरत होता.

नागेशबुवा खाली बसून बांबूंना सुंभ आवळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"ते टोक धर," म्हणाले.

रुद्राजीने टोक धरलं. आणि मग त्याला कळलं की आपण तिरडी धरली आहे.

तो दिवस उगवला तेव्हा त्यात विशेष असं काही नव्हतं. कसब्यात बाजाराचा वार होता. ओल्या हरभऱ्याच्या जुड्या रस्त्यावर मांडल्या जात होत्या, लोहाराचा भाता सुरू झाला होता, आणि राजधानीकडून एक सांडणीस्वार आला. तो खाली उतरलासुद्धा नाही. बसल्या बसल्याच त्याने सांगितलं की तख्त राहिलं नाही, राजधानी पडली, फौजा वाट फुटेल तिकडे पांगल्या, आणि ज्याच्या नावाने फर्मानं निघावीत असा कुणी उरला नाही. बाजार क्षणभर थांबला. मग हरभरा महागला.

बाकीचे तोंडं बघत बसले, रुद्राजी बसला नाही. त्याने कोठारांना पहारे लावले. किल्ल्याची दारं लावून घेतली. वेणी नदीवरच्या झाडून सगळ्या नावा आपल्या काठावर ओढून बांधायचा हुकूम सोडला, पलीकडून पळपुटी फौज आत शिरू नये म्हणून. स्वतंत्र सोनवटचा तो पहिला हुकूम. खरं सांगायचं तर रुद्राजीला तो फार आवडला होता.

दुपारी सभा भरायची होती. सोनवट आजपासून कुणाच्या ताब्यात नाही, असं तिथे जाहीर करायचं होतं. अडचण एकच होती. नदीकाठची गावं ऐकत कारभाऱ्याचं, पण मानत मठाचं. बुवांनी डोक्यावर हात ठेवला नाही, तर जाहीरनामा भिंतीला डकवण्यापलीकडे कामाचा नव्हता. म्हणून तो घोडा पिटाळत आला होता. बुवा त्याचे गुरू. ऐन पोरवयातली वर्षं त्याने याच मठात काढली होती. हो म्हणायला त्यांना कितीसा वेळ लागणार होता?

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"आक्का. पहाटे."

आक्का म्हणजे बुवांची थोरली बहीण. मठाची चूल तिची. पाठ चुकला की बुवा पोरांना उपाशी ठेवत, आणि आक्का मागच्या दाराने भाकरी देई. वर पुन्हा बुवांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, की उपाशी डोक्यात वेद शिरत नाहीत, वारा शिरतो.

ती तुळशीशेजारी निजवलेली होती. अंगावर धुवट लुगडं. चेहरा नेहमीचाच, कुणीतरी जेवायला उशिरा आल्यासारखा.

रुद्राजीने जोडे काढले. जवळ जाऊन उभा राहिला. तिच्या लुगड्याचा पदर सारखा केला. पण मग नजर उन्हाकडे गेली. सभेला जमणारी माणसं डोळ्यांपुढे होती, आणि ऊन वर चढत होतं.

तो परत बुवांजवळ येऊन बसला. खांदा मी देणारच, म्हणाला, पण त्याआधी उत्तर द्या. आणि मग त्याने सोनवटात काय काय आहे ते सांगायला घेतलं. कोठारं भरलेली आहेत. खाणीत लोखंड आहे, खारपट्ट्यात मीठ आहे, तळी आटत नाहीत. कापूस आपला, कोष्टी आपले, घोडी आपली. तीन बाजूंना डोंगर, चौथीला वेणी. देवानेच तट बांधून दिलेला.

"कुणाचं काही लागत नाही आपल्याला, बुवा."

"नाही लागत?"

"नाही."

"बरं."

"बरं म्हणजे काय?"

"बरं म्हणजे बरं. गाठ सैल पडतेय तुझी."

रुद्राजीने गाठ सोडून पुन्हा बांधली. राजधानी बुडाली, दाही दिशांना आग लागली, आणि हा माणूस गाठी तपासत बसला आहे. त्याने दुसऱ्या बाजूने विचारून पाहिलं. एकट्याने उभं राहणं धोक्याचं आहे असं बुवांना वाटतं का? बुवांनी पेंढा मागितला. शेजारच्या प्रांतांशी तह करावा का? बुवांनी मडकं धुवायला सांगितलं. रुद्राजीने मडकं धुतलं. प्रांताचा कारभारी आडावर बसून मडकं धुतोय हे ओट्यावर बसलेली माणसं बघत होती. त्यांना त्यात काही वावगं वाटलेलं दिसत नव्हतं, याचाच त्याला जास्त राग आला.

तेवढ्यात भिवा नावाडी आला. दारातच उभा राहिला.

"नाव बांधून घातलीय, बुवा. शिपाई सोडू देत नाही."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

भिवाने रुद्राजीकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे.

आता हे सांगायला हवं, की सोनवटात चिता या काठावर पेटत नाही. नदीच्या उत्तरेला शेतं, देवळं आणि मठ. दक्षिण मेलेल्यांची. सगळ्या नदीकाठचं स्मशान पैलतीरावर, बेळवंड प्रांताच्या हद्दीत, वडाच्या राईत. रुद्राजीचा बाप त्याच नावेतून गेला होता, आजाही. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, म्हणून तो कुणाला खोडताही येत नव्हता. आणि लिहिलेला नव्हता म्हणूनच सकाळी नकाशावर नदीवरून बोट फिरवताना तो रुद्राजीच्या ध्यानात आला नाही. मीठ आठवलं, लोखंड आठवलं. स्मशान कोण मोजतं?

ओट्यावरून म्हातारा सदबा खोकला.

"म्हणजे कारभारी, आजपासून मरायलाही परवाना लागणार म्हणा. आधी कळवायचं होतंत. आक्का कालच गेली असती."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं रुद्राजीला वाटून गेलं.

तो उठला आणि घाटाकडे निघाला. खरं तर त्याला थोडं हायसं वाटलं होतं. हे निदान त्याच्या हातातलं काम होतं. शिपायाने त्याला पाहताच नाव सोडली. आधी पलीकडे सांगून येऊ, मग आक्काला आणू, असं म्हणून तो भिवाबरोबर नावेत चढला.

नाव मध्यावर आली तेव्हा पलीकडच्या काठावर भाले उभे राहिले.

"मागे घ्या नाव."

"प्रेत आणायचंय," रुद्राजी ओरडला. "मठातलं."

"कुठल्या मुलखाचं?"

काल असं कुणी विचारलं नसतं.

"सोनवटचं."

"मग सोनवटात जाळा."

त्याने नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. तुमचे भानजी कारभारी माझे गुरुबंधू आहेत, एका ताटात जेवलो आहोत आम्ही, आणि ज्या बाईने ते ताट वाढलं तीच गेली आहे, असंही सांगितलं. पलीकडचा जमादार माणूस अदबीचा होता. त्याने भाला खाली टेकवून रामराम केला. पण भानजीराव सभेत बसले आहेत, म्हणाला. एकटं बेळवंड तग धरेल का, यावर सकाळपासून खल चालला आहे. संध्याकाळी नाहीतर उद्या विचारून बघतो. सकाळी तुम्ही नावा ओढून घेतल्यात, तेव्हाच आम्हाला पहारा बसवायचा हुकूम आला.

"अरे, ती मेलेली बाई आहे. फौज नव्हे."

"दिसतंय मला, कारभारी. पण हुकुमात मेलेल्यांचं काही म्हटलेलं नाही."

रुद्राजीने आपला हुकूम मनात वाचून पाहिला. त्यातही नव्हतं.

"चितेची लाकडं आहेत इथे राईत," जमादार समजूत घातल्यासारखं म्हणाला. "कुणी हात लावणार नाही. निश्चिंत राहा."

भिवाने काही न विचारता नाव वळवली. वल्हं मारता मारता म्हणाला, की त्याच्या लेकीचं सासर त्या राईच्या मागेच आहे, घराचा धूर दिसतो इथून. रुद्राजीने मान फिरवून पाहिलं नाही.

अंगणात ऊन तुळशीपर्यंत आलं होतं. बुवांनी दोन काठ्या रोवून आक्कावर घोंगडीची सावली केली होती आणि ऊन सरकेल तशी ते काठी सरकवत होते. दारात सभेचा स्वार येऊन उभा होता. सगळे जमले आहेत, म्हणाला, शेटे-महाजन आले, पाटील आले, जाहीरनामा तयार आहे, आता आपलीच वाट.

रुद्राजीने बुवांना सगळं सांगितलं. भानजीकडे माणूस पाठवतो. संध्याकाळपर्यंत निघेल काहीतरी. फार तर उद्या.

"ऊन आहे," बुवा म्हणाले.

"मग काय करू मी? इथेच चिता रचायचा हुकूम काढू?"

बुवांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. पाठ चुकला की बघत, तसं.

"काढ."

ओट्यावरच्या माणसांनी माना वर केल्या. सदबाचा खोकलासुद्धा थांबला. रुद्राजीने आक्काकडे पाहिलं, पैलतीराच्या राईकडे पाहिलं. तिथे त्याच्या बापाची राख होती. आज सकाळपासून त्याने किल्ला बंद केला होता, नदी बंद केली होती, दुपारी एक राज्य जन्माला घालणार होता. एवढा एक हुकूम मात्र त्याच्या जिभेवर येईना.

"काढ की," बुवा पुन्हा म्हणाले.

"नाही होत."

"हं."

बुवांनी काठी थोडी सरकवली.

मग मात्र रुद्राजीचा बांध फुटला. सकाळपासून तो आवाज चढू देत नव्हता, आता चढला. माझं चुकलं, म्हणाला, शंभर वेळा चुकलं. पण नावा ओढल्या नसत्या आणि फौज आत शिरली असती, तर याच अंगणात आक्काशेजारी आणखी किती जण निजले असते? कुणीतरी काहीतरी करायला नको? तिकडे तख्त नाही, इकडे तुम्ही बोलत नाही. शिष्य म्हणून नको, परका म्हणून विचारतो. तुम्ही मला उभं आयुष्य कोड्यात बोलून शिकवलंत, आज एक दिवस सरळ बोला.

"सोनवट एकटा जगेल की नाही?"

"जगेल."

रुद्राजी थबकला. नाही ऐकायची त्याने इतकी तयारी केली होती की हो कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

"जगेल?"

"न जगायला काय झालं? धान्य आहे म्हणतोस, पाणी आहे. लोखंड, मीठ, सगळंच आहे. जगेल."

दारातल्या स्वाराने हात जोडून देवाचं नाव घेतलं आणि घोड्याचा लगाम सोडवायला लागला. रुद्राजीच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. निदान उतरल्यासारखं वाटलं. तो दोन पावलं पुढे झाला, वाकला, आणि त्याने बुवांच्या पायांकडे हात नेले.

"मग डोक्यावर हात ठेवा."

बुवांनी पाय धोतराखाली ओढून घेतले.

"सुतकात नमस्कार नसतो, रुद्रा."

रुद्राजी तसाच वाकलेला राहिला. हात मातीला टेकलेले. बाहेर घोड्याने खूर आपटला. कुठल्या तरी घरातून बायका पिठलं-भाकरी घेऊन आल्या होत्या. ताटं झाकून त्या भिंतीशी उभ्या राहिल्या, कारण प्रेत घरात असताना कुणी जेवत नाही.

"सभा खोळंबलीय, बुवा," तो खालूनच म्हणाला. आवाज पार बसला होता. "तुमची परवानगी विचारतील. मी त्यांना काय सांगू?"

बुवांनी घोंगडीची काठी उपटली, एक वीतभर पलीकडे रोवली, आणि हाताची माती झटकली.

"सांग, आक्का अजून अंगणातच आहे."