पोयखारचं दाराबाहेरचं कीर्तन

आधी सावलीत या. चपला राहू देत, तुम्ही अजून अंगणातच आहात. मला इथं सगळे शेगुलामावशी म्हणतात. या प्रार्थनालयाची किल्ली एकतीस वर्षं माझ्याकडे आहे. जुनी माणसं याला मशीदच म्हणायची, तेव्हा वाटेत कुणी 'मशीद ती बघा' म्हणून इकडे पाठवलं असेल तर ते चुकलेलं नाही. आम्ही बेने इस्राएल. आमचे पूर्वज गलबत फुटून या किनाऱ्याला लागले, तेल गाळून पोट भरू लागले, पण शनवारी आभाळ कोसळलं तरी घाण्याला हात लावायचे नाहीत. म्हणून लोकांनी आमचं नाव पाडलं शनवार तेली.

कीर्तन दाराबाहेर का, हे तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. गेल्या खेपेच्या मंडळींनी नुसते फोटो काढले आणि गेली. वैशाख-ज्येष्ठात आमचा शाबुओथचा सण येतो, तो झाला की येणाऱ्या रविवारी इथं दावीद राजाचं कीर्तन असतं. ऊन हे असं. आत चांगले चार पंखे, दार सताड उघडं, आणि आत एक माणूस नाही. कीर्तनकार या पायरीच्या खाली उभा राहतो आणि सगळी मंडळी अंगणात सतरंज्या टाकून बसतात. मुंबई-ठाण्याची पोरं घाम पुसत कुरकुर करतात, "मावशी, आत बसलो तर देव रागावणार का?" मी म्हणते, देवाचं मला ठाऊक नाही, मी रागावेन.

तर असं सांगतात, की पूर्वी आमच्या या पोयखारमध्ये एलोजी नावाचा एक तेली होता. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, घरात तो आणि घाण्याचा बैल. पण गळा असा, की दावीद राजाचं आख्यान त्यानंच लावावं. मेंढरं राखणारा पोरगा दावीद वीणा घेऊन बसला आणि वेड्यापिशा झालेल्या शौल राजाला त्यानं शांत केलं, ते एलोजी गायचा तेव्हा रडतं पोर गप्प व्हायचं म्हणे. देवाच्या आज्ञा ठेवलेली कराराची पेटी यरुशलेमात आली आणि दावीद राजा राजेपण विसरून तिच्यापुढं नाचला, तिथं आला की एलोजी स्वतःच पागोटं उतरवून नाचायला लागायचा, आणि म्हातारे बाबे त्याच्या मागून. वीस वर्षं त्यानं हे कीर्तन केलं. कुणाकडून नारळसुद्धा घेतला नाही.

त्याच्यामागं झांजा घेऊन उभा राहायचा तो हनोखजी. दोघे लहानपणापासूनचे सोबती, आणि घाणाही दोघांत एकच, एलोजीच्या परसात. एक दिवस याचे तीळ, एक दिवस त्याचे. जेवायला एका ताटात बसायचे. हनोखजीची मुलगी मिल्का तर एलोजीच्या मांडीवर वाढली. हा हनोखजी म्हणजे माझ्या पणजोबांचा बाप. लपवून काय करू? आमच्याच घरातला तो.

मिल्काचं लग्न ठरलं. माघ महिना, मंगळवारचा मुहूर्त. शुक्रवारी दिवेलागणीच्या बेताला हनोखजीच्या घरी तेलाची मोठी घागर कलंडली आणि सगळं तेल जमिनीत मुरलं. रविवारपासून पाहुणे येणार, तळण व्हायचं होतं, दिवे लागायचे होते. दुसऱ्या कुणाकडं मागितलं असतं तर दिलं नसतं का? दिलंच असतं. पण हा माणूस मानी. व्याह्यांच्या कानावर जाईल, हसं होईल, हेच त्याच्या डोक्यात बसलं. शनवार सुटल्यावर रात्री घाणा जुंपावा, तर जागी वस्ती विचारणार, एवढ्या घाईनं तेल कशाला?

शनवारी दुपारी सगळी वस्ती प्रार्थना करून, जेवून आडवी झाली होती. एलोजी खाडीवर, उंडीच्या झाडाखाली बसून कीर्तनाची पदं तोंडानं घोळवत होता. दर शनवारी तो तिथंच असायचा आणि हे एकट्या हनोखजीला ठाऊक होतं. त्या दिवशी तर हनोखजी स्वतः त्याला खाडीपर्यंत पोचवून आला. परत येऊन त्यानं एलोजीच्या परसात एलोजीचा बैल जुंपला आणि घाणा फिरवला. शनवारी! अहो, आमच्यात चोरी परवडली, पण हे नाही.

शेजारी चांगुणा म्हणून एक आगरीण राहायची. तिनं बिचारीनं सकाळी भाबडेपणानं विचारलं, "काल शनवार ना? मग घाना कसा कुरकुरत व्हता?" झालं. तासाभरात वस्तीभर झालं. मुकादम सामाजींनी पंच बसवले, इथंच, आतल्या बाजूला. मुकादम म्हणजे आमच्या जमातीचा प्रमुख, त्याचा शब्द अखेरचा. घाणा एलोजीच्या परसात, बैल एलोजीचा, तेव्हा बोलावणं एलोजीलाच.

आमच्या पंचांपुढं एक रीत होती. आरोप ज्याच्यावर, त्यानं स्वतःची साक्ष स्वतः द्यायची नाही. आपला खरेपणा दुसऱ्याच्या तोंडून यायला हवा. एलोजी रीतीला धरून चालणारा माणूस. हात जोडून म्हणाला, "काल दुपारी मी कुठं होतो ते हनोखजीला ठाऊक आहे. त्याला विचारा." आणि निश्चिंत बसला हो! त्याला वाटलं, आता प्रश्न मिटला.

हनोखजी उठला. पवित्र ग्रंथांच्या कपाटापुढच्या पडद्याला हात लावून म्हणाला, "एलोजी कुठं होता ते मला ठाऊक नाही. मी घरी होतो. घाण्याचा आवाज मीही ऐकला."

एलोजी त्याच्याकडं बघतच राहिला. त्या परसात शिरायचा हक्क दोघांनाच होता. एक तो स्वतः, तो तर खाडीवर होता. मग उरलं कोण? सगळं एका क्षणात कळलं त्याला. तोंड उघडलं असतं तर मिल्काचं लग्न तिथंच मोडलं असतं. तरी, असं सांगतात, तो उभा राहिला. एकेका पंचाच्या तोंडाकडं पाहत राहिला. कुणी त्याच्याकडं वळलं नाही. सामाजींनी सतरंजी गुंडाळायला सांगितली आणि निकाल दिला : वर्षभर एलोजीनं या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, त्याच्या हातचं कुणी खायचं नाही, आणि दावीद राजाचं नाव त्यानं कीर्तनात घ्यायचं नाही.

लग्न थाटात झालं. त्याच तेलात तळलं असणार सगळं. मला तर तो विचार मनात आला की आजही घास गिळवत नाही. एलोजीनं बैल चांगुणाला देऊन टाकला आणि घाण्यात फिरणारी लाकडी लाट काढून भिंतीला टेकवून ठेवली. चांगुणा मात्र शेवटपर्यंत त्याच्या दारात भाजी ठेवत राहिली. तिला कुठलं आमचं वाळीत टाकणं!

पुढं शाबुओथ झाला आणि कीर्तनाचा रविवार आला. गाणार कोण? सगळी पदं पाठ असणारा दुसरा एकच माणूस होता, हनोखजी. नाही म्हणायला त्याला जागा नव्हती. सगळे आत बसले. एलोजी आला आणि इथं, चपला काढतात त्या जागी बसला. उंबऱ्याच्या आत यायची बंदी होती, अंगणाची नव्हती.

हनोखजीनं सुरुवात बरी केली. मेंढरं झाली, वीणा झाली, पेटीपुढचा नाच झाला, पण नाचायला कुणी उठलं नाही. मग आख्यान दुःखाच्या भागात शिरलं. पोटचा पोर बापावर उलटला, आणि राजाचा जिवाभावाचा मंत्री अहिथोफेल, तोही त्या पोराला जाऊन मिळाला. राजा अनवाणी, डोकं झाकून, रडत डोंगर चढतोय. इथं राजाच्या तोंडी एक पद आहे. वैऱ्यानं घाव घातला असता तर सोसला असता, पण हा तर माझ्याबरोबर देवाच्या घरी येणारा, अशा अर्थाचं. हनोखजीनं पहिला चरण उचलला आणि त्याचा आवाज बसला. पाणी दिलं, पुन्हा उचलला, पुन्हा तेच. झांज हातातच राहिली.

आता आमच्यात दावीद राजाचं स्तवन एकदा उभं केलं की पुरं केल्याशिवाय सोडत नाहीत. अर्धं सोडलं तर सबंध वस्तीवर दोष येतो असं मानतात. आत सगळे घाबरून एकमेकांकडं बघायला लागले. आणि चपलांच्या जागेवरून एलोजीचा आवाज आला. बसल्या बसल्याच त्यानं ते पद घेतलं आणि शेवटच्या चरणापर्यंत नेलं. मग तो उभा राहिला.

पुढची कथा अशी, की याजक कराराची पेटी घेऊन राजाच्या मागं धावत आले. राजा म्हणाला, पेटी परत न्या. देवाच्या मनात असेल तर तो मला पुन्हा तिच्यापुढं उभा करील, नसेल तर त्याला वाटेल ते त्यानं माझं करावं. हातचं राज्य गेलं, माणसं उलटली, आणि देवाची खूणही स्वतःहून परत पाठवली, तरी त्या राजाचं स्तवन थांबलं नाही. एलोजीनं तिथं गायलेलं पद आम्ही अजून गातो :

पेटी राहो घरी । मी राहीन दारी ।
स्तवन हे तरी । घ्यावे देवा ॥

आतली माणसं एकेक करून उठली आणि बाहेर आली. आधी बायका, मग म्हातारे, शेवटी पंच. आत हनोखजी एकटा उरला. पद संपलं तसा तो दारात आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "घाणा मी जुंपला होता. एलोजी खाडीवर होता. मीच त्याला पोचवून आलो होतो."

सामाजी मुकादम रडायला लागले म्हणे. पागोटं काढून एलोजीपुढं धरलं. "एलोजी, चुकलो रे आम्ही. आत चल. तुझी जागा आत आहे."

एलोजी हलला नाही. म्हणाला, "हनोखजीचं मला कळतं, मुकादम. त्याच्या पोरीचं लग्न होतं. तो माझा होता आणि त्यानं माझा गळा कापला, ते मी आणि तो बघून घेऊ. पण तुम्हांला कुणाचं लग्न होतं? वीस वर्षं माझं ऐकलंत. मी तुमच्यासमोर उभा होतो. घाण्याला विचारलंत, बैलाला विचारलंत, हनोखजीला विचारलंत. एकानं तरी माझ्याकडं वळून विचारायचं होतं, 'बाबा एलोजी, तू कुठं होतास?'"

रीत होती खरी, पण रीतीनं तोंडं शिवली नव्हती कुणाची.

त्यानंतर एलोजी अकरा वर्षं जगला. बंदी त्याच दिवशी उठली, पण उंबरा त्यानं कधी ओलांडला नाही. कीर्तन दर साली केलं, इथं, पायरीखाली उभं राहून. कीर्तनकार आत येत नाही म्हटल्यावर वस्ती बाहेर आली. हनोखजी दर साली झांजा घेऊन मागं उभा राहायचा. एलोजी त्याला वाजवू द्यायचा. पण अकरा वर्षांत त्याच्याशी एक शब्द बोलला नाही, की त्याच्या ताटाला बसला नाही. मिल्का माहेरी आली की दोघांच्या मध्ये बसून रडायची. माफ केलं का, म्हणून लोक मला विचारतात. मला नाही वाटत. आणि का करावं?

एलोजी गेला. पुढल्या साली रोह्याकडचा एक नवा कीर्तनकार उभा राहिला. त्यानं तोंड उघडायच्या आत सामाजी मुकादम काठी टेकत उठले. पार थकले होते तेव्हा. काय झालं कुणाला कळेना. त्यांनी त्या परक्या माणसाला नावानं हाक मारली आणि विचारलं, "बाबा, शनवारी तू कुठं होतास?" तो बावरला, पण सांगितलं त्यानं, बहिणीकडं होतो म्हणून. सामाजी म्हणाले, "बरं. आता गा." आणि खाली बसले.

आजही तसंच चालतं. इथं आता आमची चारच घरं राहिली आहेत, मुकादम ठाण्याला बँकेत आहे, पण त्या रविवारी तो येतो आणि कीर्तनकाराला नावानं हाक मारून विचारतो, शनवारी तू कुठं होतास? तो सांगतो. कधी घरी झोपलेला असतो, कधी बायकोला घेऊन दवाखान्यात. मागल्या वर्षी कीर्तन करणारा दम्याचा होता, सांगता सांगता दोनदा थांबला. त्याचं पुरतं बोलून होईपर्यंत या अंगणात कुणी हूं की चूं केलं नाही. आमच्या घरची माणसं तर त्या वेळी मान वर करत नाहीत. एवढंच एलोजीला हवं होतं हो. वीस वर्षं ऐकणाऱ्या माणसांकडून एवढं एकच.