फुगडीला दोन्ही हात लागतात

कापडाचा पोत नुसत्या बोटांनी ओळखणारा एक व्यापारी एकदा आपल्या लहानग्या लेकीला घेऊन एका वृद्ध वैद्यांकडे आला. मुलीचे कान जन्मतः पुढे आलेले. पोरी ‘सुपकानी’ म्हणून चिडवत, म्हणून ती सदा दोन्ही हातांनी ओढणी कानांवर धरून असे. नागपंचमीला तर ती घराबाहेरच पडत नसे; फुगडीला दोन्ही हात द्यावे लागतात ना!

वैद्यांनी शस्त्रकर्म केले. जखम भरली आणि नेमकी नागपंचमीच्या सकाळी शेवटची पट्टी सुटली.

“गुरुजी, शिंपल्यासारखे बसले हो कान!” शिष्य ओरडलाच.

मुलीने आरशात पाहिले, पुन्हा पाहिले, खुदकन हसली. व्यापाऱ्याचे तर पाय जमिनीवर ठरेनात. बाहेर वैद्यांच्या अंगणात पोरींच्या फुगड्या रंगल्या होत्या. “जा बयो, खेळ!” तो म्हणाला.

मुलगी उंबऱ्यापर्यंत धावली आणि थबकली. दोन्ही हात ओढणीसकट पुन्हा कानांवर!

“अगं, आता काय लपवतेस?” व्यापारी कळवळला. “वैद्यबुवा, काही करायचं राहिलं का हो?”

“राहिलंय. शेठ, पागोटं उतरवा.”

“माझं? ते कशाला?”

“उतरवा तर!”

व्यापाऱ्याने पागोटे दोन्ही हातांनी घट्ट धरले. बाहेर कानांवर ओढलेले पागोटे, घरात कानटोपी. त्याचे उघडे डोके लेकीनेही पाहिले नव्हते. पण तिच्याकडे पाहून त्याने डोळे मिटले आणि पागोटे उचलले. दोन कान टपकन बाहेर आले, थेट सुपासारखे!

“अय्या बाबा, तुमचेपण?” मुलगी हसत सुटली.

वैद्य शांतपणे म्हणाले, “शेठ, कान मी नीट केले. झाकण्याची सवय मात्र तिने तुमच्याकडून उचलली. तिथे माझे शस्त्र पोहोचत नाही. कान बरे झाल्याचे हातांना उशिरा कळते. त्यांना धरायला दुसरे काही द्या.”

व्यापाऱ्याने तत्क्षणी दोन्ही हात पुढे केले. “चल गं!”

लेकीने ते घट्ट धरले आणि बापलेक गरगरा फिरू लागले. “शेठ फुगडी घालतायत!” पोरींनी एकच कल्ला केला. ओढणी केव्हाच गळून पडली. शिष्य ती उचलायला वाकला, तोच वैद्य म्हणाले, “राहू दे. आठवली तर तीच उचलेल.”

भर पेठेतून गप्पा मारत बापलेक घरी पोहोचले, तेव्हा व्यापाऱ्याचा हात सवयीने पागोटे उतरवायला डोक्याकडे गेला. डोक्यावर काहीच नव्हते.