सगुणेचं दुखणं का उलटलं

दुपारपर्यंत धुकं उठत नाही असं एक गाव होतं, मिरची कांडणाऱ्यांचं. धुक्यात तिखटाची लाल धूळ तरंगायची आणि माणसं झोपेत चालल्यासारखी दिसायची. पोतं शिवण्याआधी तिखट तीनदा जिभेवर ठेवून बघायचं, हा तिथला रिवाज. त्यामुळे कुणाचंही पोट जळलं की दोष मिरचीचा. चौकशी कशाला करायची!

विश्रामवैद्यांना मात्र खरं ठाऊक होतं. पोटात कीड धरते, ती कडू काढ्याने मरते; पण पित्त शांत झालं नाही तर काढा वाया जातो. पित्तावरची त्यांची पांढरी पूड चाळीस वर्षं नावाजलेली. तरी काहींचं दुखणं उलटायचंच. मग वैद्यही खुशाल म्हणायचे, तिखट चाखलं असेल.

सगुणा कांडपिणीचं दोनदा उलटलं. काम सोडून ती घरी बसली, तरी एका सकाळी रक्त ओकली.

"वैद्यबुवा, जिभेला तिखट लावलेलं नाही हो. मुलांची शपथ."

कुणाला पटलं नाही. लेकरं आईविना होणार, असं बाया कुजबुजू लागल्या.

वैद्यांची सून रेवती हिने पित्तावर वेगळी पूड केली होती. ती म्हणाली, मामंजी, वीस रोगी घेऊ. काढा सगळ्यांना एकच. दहांना तुमची पूड, दहांना माझी. हात दाखवून अवलक्षण करतेय पोर, असं मनात म्हणत वैद्यांनी होकार दिला.

औषध संपल्यावर महिन्याने ते एकटेच घरोघर फिरले. सुनेचे नऊ बरे झाले होते, त्यांचे सहा. त्यांच्या उरलेल्या चौघांत सगुणा होती. पुन्हा मिरचीचं नाव घेतलं असतं तर कोण विचारणार होतं?

पारावर टेकले तशी त्यांना डुलकी लागली. स्वप्नात त्यांची पूड हलकेच सगुणेच्या पोटात उतरत होती. आग निवल्यासारखी दिसत होती, पण राखेखाली निखारे तसेच होते. जाग आली तेव्हा म्हाताऱ्याला फार लाज वाटली.

रेवतीची पूड आणि काढा घेऊन ते सगुणेच्या दारी गेले. शेजारपाजार जमला होता.

"सगुणे, तू खरं बोलत होतीस. माझी पूड कमी पडली, आणि खोटी मी तुला ठरवलं."

सगुणेला बरं व्हायला पुढे महिना लागला. पण चार घास तिला त्याच दिवशी गोड लागले.

तात्पर्य: आपला उपाय कमी पडला तर तसं सांगावं, त्याचं खापर रोग्याच्या माथी फोडू नये.