शेलगव्हाणची पालथी शिळा

सीनाकाठच्या शेलगव्हाणात चावडीच्या मागं पायऱ्यांची एक खोल बारव आहे. तिच्या तोंडाशी सरकारचा निळा फलक आहे आणि फलकाशेजारी छातीइतकी उंच शिळा. शिळेवर वर चंद्रसूर्य, मधे जुनी अक्षरं आणि खाली गाढव व बाई कोरलेली. पाहुणे ते चित्र बघतात आणि ओशाळून नजर फिरवतात. तेव्हा ऐंशी ओलांडलेले मल्लाप्पा गुरव सांगतात, "शिवी हाय ती. जो ही बारव मोडंल, त्याच्या आईला घातलेली. घातली कुण्या जुन्या राजानं. लागू केली यल्लव्वानं."

यल्लव्वा वडाराची. तिचा नवरा तिम्मण्णा दगड फोडायचा, ती दारोदार फिरून झिजलेल्या जात्या-पाट्यांना छिन्नीनं टाकी लावायची. गावात त्या वेळी बळवंतराव दळ्यांचा शब्द चालायचा. दळ्यांनी दुमजली घर काढलं आणि खाणीतून दगड आणण्यापेक्षा बारवेचाच घडीव दगड उचलायचं ठरवलं. तिम्मण्णा नको म्हणाला, असं सांगतात. पण दळ्यांच्याच जागेत त्याची झोपडी होती. पहिल्याच दिवशी त्याला ही शिळा उपटून नव्या घराच्या उंबऱ्याला बसवायला लावली. संध्याकाळी घरी येऊन तो जेवला नाही.

"अक्षराचा दगड हाय, उंबऱ्याला नगं म्हनलं," तो यल्लव्वाला म्हणाला. "तर पालथा घाल म्हनले. घातला."

पाचव्या दिवशी बारवेची भिंत त्याच्या अंगावर आली. माणसं धावली तोवर सगळं संपलं होतं. पंचनाम्याला फौजदार आले, तर दळ्यांनी हात झटकले. वडार दगड चोरत होता, आपल्याला काही ठाऊक नाही, असं लिहून दिलं. गावानं मान खाली घातली. कागदावर तिम्मण्णा चोर झाला.

यल्लव्वा रडली नाही म्हणे. तेराव्याला ती बारवेच्या शेवटच्या पायरीवर उतरली, ओंजळीत पाणी घेतलं आणि मोठ्यानं म्हणाली, "ज्यानं माझ्या धन्याला चोर केलं, त्याला ह्यातला एक दगड पचू देनार न्हाई. त्याच्या घरात शिरून बाहेर काढीन." ते पाणी ती प्याली.

बाईमाणूस काय करणार, असं लोक म्हणाले. काय करायचं ते तिलाही कळत नव्हतं. तालुक्याला एका मास्तरांच्या घरी ती जात्याला टाकी लावत होती. तिची हकिगत ऐकून मास्तर म्हणाले, "नव्या राज्यात नवा कायदा झालाय. जुनी वास्तू सरकार आपल्या रक्षणाखाली घेऊ शकतं. एकदा घेतली की मालकालासुद्धा तिचा चिरा हलवता येत नाही."

यल्लव्वाच्या हातातली टाकी थांबली. "मालकालासुदिक?"

"कुणालाच."

त्याच दिवशी तिनं मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला आणि अंगठा उठवला. मग चार वर्षं ती कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिली. अर्ज हरवला की दुसरा. साहेब बदलला की पुन्हा पहिल्यापासून. इकडं दळे चौकात हसायचे, "चोराची बायको बारवेला सरकारी नोकरी लावतीय." ती ऐकायची आणि पुढं चालायची. रोज सकाळी दळ्यांच्या घरासमोर उभी राहून त्या उंबऱ्याकडं टक लावून बघायची, मगच कामाला जायची.

पाचव्या वर्षी पुरातत्त्व खात्याचे वाटवे साहेब आले. त्यांनी बारव मापली, चित्रं काढली. म्हणाले, "बांधणी जुनी आहे. पण पुरावा भक्कम हवा. कुठं लेख होता का?"

"हाय," यल्लव्वा म्हणाली. "उंबऱ्यात निजलाय."

बारवेवर नोटीस लागली. दोन महिन्यांत हरकत घ्या, असं तीत होतं. दळ्यांनी हरकत घेतली. जमीन माझी, हा नुसता खड्डा आहे, लेख वगैरे सगळं खोटं. पण ते त्यांच्याच अंगाशी आलं. हरकतीची चौकशी करायला वाटवे साहेब कलेक्टरांचा हुकूम आणि पंच घेऊन थेट दळ्यांच्या दारात उभे राहिले. मागं अख्खा गाव.

"एका चोराच्या बायकोच्या सांगण्यावरून माझा उंबरा उखडणार?" दळे ओरडले.

"लेख नसेल तर पुन्हा बसवून देऊ," साहेब शांतपणे म्हणाले.

मजूर पुढं झाले. यल्लव्वानं त्यांना अडवलं, पहार आपल्या हातात घेतली आणि पदर खोचला. अर्धा दिवस ती एकटी खणत होती, असं सांगतात. कुणी पाणी पुढं केलं तरी घेतलं नाही. शिळा सुटली तशी चौघांनी मिळून ती उलटली.

चंद्रसूर्य वर आले. अक्षरं आली. मग खालचं चित्र आलं.

दळ्यांची आई, आक्कासाहेब, काठी टेकत दारात आली होती. पाच वर्षं ती ह्याच दगडावरून तुळशीला जात होती. तिनं साहेबांना विचारलं, "काय लिवलंय?"

साहेब अडखळले. यल्लव्वा नाही अडखळली. "जो बारव मोडंल, त्याच्या आईचं असं व्हईल," ती म्हणाली.

आक्कासाहेब लेकाकडं वळली. "बाळू, हे ठाऊक असून पालथं घातलंस? माझ्या पायाखाली?" म्हातारी पंचांना म्हणाली, "लिवा. तिम्मण्णाला ह्यानंच धाडलं हुतं. तो नगं नगं म्हनत हुता. मी वट्यावर बसून ऐकलंय. पाच वर्सं तोंड शिवून बसले, ते माझं पाप." मग ती तशीच बाहेर पडली आणि देवळाच्या ओवरीत राहायला गेली. त्या घरात तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही.

सहा महिन्यांनी राजपत्रात बारवेचं नाव छापून आलं. दुरुस्तीला सरकारी मदत मिळाली, दगड मात्र दळ्यांच्या घरातूनच निघाले. वरचा मजला उतरवायला अकरा दिवस लागले. अकरा दिवस यल्लव्वा समोरच्या लिंबाखाली बसून होती. प्रत्येक चिरा उतरताना ती खिडकीतल्या दळ्यांकडं बघायची. ते आत सरले की हाक मारून बाहेर बोलवायची.

शेवटचा दगड गेल्यावर मल्लाप्पांच्या आईनं तिला विचारलं, "आता तरी पोटातली आग विझली का गं?"

"विझली न्हाई," यल्लव्वा म्हणाली. "त्याच्या घरात ठिवून आले."

पुढं सरकारनं तिलाच बारवेची पहारेकरी नेमलं. थकलेले दळे एकदा पायऱ्या उतरायला आले, तेव्हा ती म्हणाली म्हणे, "या. बारव समद्यांची हाय. भिताडाला हात लावू नगा."

आजही शेलगव्हाणात नवं घर बांधलं की उंबऱ्याचा दगड आधी अंगणात ठेवतात. शेजारीपाजारी गोळा होतात. घरधनी तो दगड सगळ्यांसमोर उलटून दाखवतो, चारी अंगं दाखवतो आणि मोठ्यानं म्हणतो, "तिम्मण्णा चोर नव्हता." मगच उंबरा बसतो. दळ्यांच्या नातवानं मागच्या वर्षी घर बांधलं. त्यालाही म्हणावं लागलं.